पेशवेकालीन बेल्जियम आरसा

गेल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दिवशी, भर पंगतीत मी माझ्या सख्ख्या पुतण्याशी भांडलो. बासुंदीची वाटी पुढ्यात असताना सत्तरी उलटलेल्या माणसाने आवाज चढवणे शोभत नाही, हे घरी परतल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी मला सविस्तर समजावून दिले आणि मीही ते निमूटपणे ऐकून घेतले. भांडण इस्टेटीवरून नव्हते. ते एका आरशावरून होते. अधिक नेमके सांगायचे तर त्या आरशाखाली ठोकलेल्या चार बोटे रुंदीच्या पितळी पट्टीवरून होते. पट्टीवर सुबक अक्षरांत कोरले होते : 'पेशवेकालीन बेल्जियम आरसा'. तीन शब्द, आणि त्यांपैकी 'आरसा' एवढाच शब्द खात्रीने खरा होता.

हा आरसा आमच्या रत्नागिरीकडच्या घरातला. घर विकले तेव्हा भांडीकुंडी, पाट, समया यांची वाटणी झाली आणि ओटीवरचा आरसा पुतण्याच्या वाट्याला गेला. त्याने तो पुण्याच्या एका दुकानात नेला. दुकानदाराने त्याला हातभर रुंदीची सोनेरी चौकट चढवली आणि वर कसलेही जादा पैसे न घेता एक इतिहासही चढवून दिला. पुतण्या माझा गुणी आहे, शिकलेला आहे. पण घरातल्या म्हाताऱ्याला विचारण्याऐवजी त्याने दुकानदाराला विचारले, याचे मला वाईट वाटते.

आता त्या पट्टीचाच हिशेब करू. पेशवाई बुडाली १८१८ साली. त्या वर्षी बेल्जियम नावाचे राज्य युरोपच्या नकाशावर नव्हते. तो मुलूख १८१५ पासून नेदरलँड्सच्या राजाकडे होता आणि त्याआधी फ्रेंचांच्या ताब्यात होता. बेल्जियमने बंड करून आपले राज्य उभारले ते १८३० साली. त्या भूमीत काच त्यापूर्वीही होत असे, हे मला मान्य आहे. पण बेल्जियमचा म्हणून आलेला माल दुसऱ्या बाजीरावाच्या दिवाणखान्यात लागायचा तर आरशाने बारा वर्षे मागे चालत यायला हवे. असे असूनही 'पेशवेकालीन बेल्जियम' हे जोडनाव मी आजवर निदान पाच घरांत आणि दोन हॉटेलांत ऐकले आहे. बेल्जियमचे आरसे आपल्याकडे आले यात शंका नाही, भरपूर आले. पण त्यांचा खरा भर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि विसाव्याच्या आरंभीचा. म्हणजे ते आगबोटीचे आणि आगगाडीचे आरसे आहेत, पालखीचे नव्हेत.

हे मी पंगतीत बोललो. त्यावर पुतण्या म्हणाला, "काका, पाहुण्यांना बरं वाटतं. कुणाचं काय बिघडतं?"

कुणाचे काय बिघडते, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख मी लिहीत आहे. बिघडते ते एका माणसाचे. त्या माणसाकडे मी शेवटी येईन. त्याआधी, ज्यांच्या घरी असे आरसे आहेत त्यांनी त्यांचे वय कसे ओळखावे आणि ते कशासाठी घडवले होते हे कसे शोधावे, ते सांगतो. दुकानदार हे सांगणार नाही, कारण तुम्हाला कळले की त्याचा धंदा बसेल.

पहिला नियम असा की, आरशाला समोरून काही विचारू नये. समोरून तो तुमचेच तोंड तुम्हाला दाखवतो आणि आपण खूश होतो. आरसा खरे बोलतो तो पाठीने. भिंतीवरून उतरवा, जाड गोधडीवर पालथा ठेवा, आणि पाहा.

आपण अजूनही 'आरशाचा पारा उडाला' असे म्हणतो. भाषेने एक जुनी विद्या आपल्या तोंडात जपून ठेवली आहे. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर सोळाव्या शतकात ज्या रीतीने आरसे करीत, ती पाऱ्याचीच होती. कथिलाचा पातळ पत्रा पसरायचा, त्यावर पारा ओतायचा, वरून काच सरकवायची, तिच्यावर वजने ठेवून कित्येक दिवस दाबून ठेवायची आणि जादा पारा निथळू द्यायचा. पुढे फ्रान्सने १६६५ साली स्वतःचा सरकारी कारखाना काढला आणि व्हर्सायच्या राजवाड्यातला ३५७ आरशांचा तो प्रसिद्ध महाल १६८४ साली पुरा झाला. तेही सारे आरसे कथिल आणि पाऱ्याचेच. हा धंदा करणाऱ्यांचे हात थरथरू लागत, दात पडत, बुद्धी भ्रमत असे. पाऱ्याची वाफ कारागिराला सोडीत नसे. राजेरजवाड्यांच्या रूपाची किंमत कोणी मोजली ते यावरून कळावे.

मग १८३५ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला काचेवर चांदीचा थर बसवण्याची युक्ती दिसली. १८५० नंतरच्या दशकात तिच्यात सुधारणा झाल्या आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत पाऱ्याची रीत जवळजवळ मोडीत निघाली. म्हणून आरशाची पाठ पाहताना पहिला प्रश्न हा : कथिल-पारा की चांदी?

कथिल-पाऱ्याच्या आरशाची पाठ उघडी, करडी, खडबडीत चमकेची असते. तिला रंग दिलेला नसतो. समोरून पाहिले तर प्रतिबिंब किंचित निळसर, अंधूक, ढगाळ दुपारच्या उजेडासारखे दिसते. त्यात बारीक बारीक चमचमते ठिपके उमटतात आणि खराबी बहुधा खालच्या कडेला अधिक असते, कारण न मुरलेला पारा वर्षानुवर्षे खाली उतरत राहतो. चांदीच्या आरशाची गोष्ट निराळी. त्याचे प्रतिबिंब लख्ख आणि किंचित उबदार दिसते. पाठीवर बहुधा तांबूस किंवा तपकिरी रंगाचा थर असतो. आणि तो बिघडला की काळे-तपकिरी डाग पडतात, बहुतेक कडेकडेने आत सरकत जाणारे. पाठीवर चांदी असेल तर 'पेशवेकालीन' हा शब्द तिथेच पुसावा. आणि कथिल-पारा असेल तर एक विनंती : ती पाठ नखाने किंवा सुरीने खरवडू नका, तापवू नका, मुलांच्या हाती देऊ नका. ते विष आहे.

दुसरी परीक्षा काचेची. आरसा उभा धरून त्यात खिडकीचे गज तिरप्या नजरेने पाहा आणि डोके हळूहळू हलवा. जुन्या फुंकलेल्या काचेत गज पाण्यातल्यासारखे डुलतात. घासून सपाट केलेल्या जाड काचेत ते कमी डुलतात. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची रीत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. त्या रीतीच्या काचेत गज रेघेसारखे सरळ राहतात. मग पेन्सिलीचे टोक काचेला टेकवा. टोक आणि त्याचे प्रतिबिंब यांच्यामध्ये जी फट दिसते, ती काच जितकी जाड तितकी मोठी असते. नुसत्या जाडीवरून वय ठरत नाही, पण चारही कोपऱ्यांत फट सारखी नसेल तर काच हाताने केलेली असण्याचा संभव वाढतो. कडेला पैलू पाडले असतील तर डोळे मिटून बोट फिरवा. हाताने घासलेला जुना पैलू इतका उथळ असतो की बोटाला तो कुठे सुरू झाला तेच कळत नाही. यंत्राचा पैलू धारेसारखा लागतो.

तिसरी परीक्षा लाकडाची आणि लोखंडाची. टोकदार, एकसारखे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे. त्याआधीचे स्क्रू बोथट असत आणि त्यांच्या माथ्यावरची खाच अनेकदा मधोमध नसे. माथ्यावर फुलीची खाच दिसली तर तो स्क्रू १९३० नंतरचा समजावा. पाठीला प्लायवूड असेल तर विसावे शतक. 'मेड इन' अशी इंग्रजी अक्षरे असतील तर लक्षात ठेवा की परदेशी मालावरच्या फसव्या खुणांविरुद्ध ब्रिटनने १८८७ साली आणि इथल्या इंग्रज सरकारने १८८९ साली कायदे केले. मालावर देशाचे नाव छापण्याची प्रथा फोफावली ती त्यानंतर.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. चौकट जुनी आणि काच नवी, किंवा काच जुनी आणि चौकट कालची, अशी लग्ने बाजारात रोज लागतात. पाठीमागे सापडलेला कागद 'या सालाच्या आधी मला इथे कोणी ठेवले नाही' एवढेच सांगतो; आरशाचे जन्मसाल तो सांगत नाही. आणि डागांवर तर मुळीच विश्वास ठेवू नये. तेजाब शिंपडून डाग पाडता येतात. खरा डाग ओल लागेल तिथे पडतो, खोटा डाग शोभेल तिथे.

हे झाले वयाचे. पण माझे खरे भांडण वयाशी नाही, उपयोगाशी आहे. 'किती जुना?' हा प्रश्न सगळे विचारतात. 'कुणाचा? कशासाठी?' हे कोणी विचारत नाही. आणि आरसा या प्रश्नाचे उत्तर तर अधिक मोकळेपणाने देतो.

दिवाणखान्यातला मोठा आरसा उंच टांगलेला असे, आणि खालची कड दोन खुंट्यांवर टेकवून पुढे झुकवलेला. कारण आपली बैठक गादीवर, जमिनीशी. शिवाय त्याचे काम तोंड दाखवण्याचे कमी आणि हंड्याझुंबरांचा उजेड दुप्पट करण्याचे अधिक. विजेचा दिवा येण्यापूर्वी समईसमोर आरसा म्हणजे फुकटची दुसरी समई. अशा आरशाच्या खालच्या कडेला खुंट्यांनी दाबलेल्या दोन खुणा असतात. कपाटाच्या दाराचा आरसा उंच आणि अरुंद, एका बाजूस बिजागऱ्यांच्या खाचा, दुसऱ्या बाजूस कुलपाचे भोक. टेबलावरच्या झुलत्या आरशाला दोन्ही अंगांना, मध्याच्या जरा वर, मळसूत्राची भोके. टोप्या-छत्र्यांच्या स्टँडच्या आरशाभोवती काढून टाकलेल्या आकड्यांच्या जागा. इराण्याच्या हॉटेलातला आरसा भिंतीत स्क्रूने पक्का बसवलेला. गल्ल्यावर बसल्या बसल्या मालकाला साऱ्या टेबलांवर नजर ठेवता यावी म्हणून, असे जुने गिऱ्हाईक सांगतात. आणि केशकर्तनालयातला आरसा तर समोरासमोर जोडीनेच नांदणार.

आता हे सगळे आरसे बाजारात येतात आणि येताच राजघराण्यात दत्तक जातात! ज्या आरशापुढे पन्नास वर्षे गावातल्या माणसांनी दाढ्या केल्या, लग्नाला जाण्यापूर्वी भांग पाडला, तो आरसा 'अमुक संस्थानिकांच्या वाड्यातला' म्हणून विकला जातो. मी विचारतो, न्हाव्याच्या दुकानातला आरसा असण्यात कमीपणा कोणता? राजाने त्यात वर्षातून दोनदा पाहिले असेल. न्हाव्याच्या आरशाने एका गावाच्या तीन पिढ्या पाहिल्या. आपल्याला राजाचा आरसा हवा असतो, कारण त्यात पाहताना आपण घटकाभर राजे होतो.

कोणी म्हणेल, "हा हौसेचा मामला आहे. पैसे त्याचे, भिंत त्याची." म्हणोत. पण या हौसेपायी दुकानदार जुनी पाठ खरवडून नवी चांदी चढवतो, बिजागरीच्या खाचा लांबी भरून बुजवतो, मळलेले लाकूड तासतो. म्हणजे ज्या ज्या खुणांनी वस्तू आपली हकीकत सांगू शकली असती, त्या सर्व पुसल्यावरच तिला 'ऐतिहासिक' म्हणायचे! १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांच्या अशा वस्तूला पुरावस्तू म्हटले आहे आणि तिला देशाबाहेर नेण्यास बंदी केली आहे. कायद्याला शंभर वर्षे पुरतात; आपल्यालाच दोनशेंच्या खाली समाधान नाही.

आता त्या माणसाकडे येतो.

जेवणे झाल्यावर, भांडणाची धग जरा निवल्यावर, मी पुतण्याला म्हटले, "अरे, उतरव तो आरसा." तोही कुतूहलाने उठला. सोनेरी चौकट बाजूला केली तेव्हा आत आमचा ओटीवरचा आरसा तसाच निघाला, सुमारे हातभर लांब, त्याहून थोडा कमी रुंद, शिसवी काठाचा. पालथा केला, आणि मी चमकलो. पाठीला गुळगुळीत पॉलिश होते. चारही कोपऱ्यांत पितळी पट्ट्या काढल्याच्या फिक्या खुणा होत्या. भिंतीकडे तोंड करून राहायच्या पाठीला कोणी पॉलिश करीत नाही, पितळ जडवीत नाही. एका लांब कडेला बिजागऱ्यांच्या दोन खाचा होत्या. ही पाठ नव्हतीच. हे झाकण होते.

आतल्या पट्ट्या सैल करून काच सरकवली. पाठीवर तांबूस रंग, म्हणजे चांदी. काच आणि फळी यांच्यामध्ये खडखड होऊ नये म्हणून घातलेला घडीचा कागद निघाला : पंचांगाचे पान, शके १८११. म्हणजे इसवी सन १८८९-९०. पेशवाई बुडाल्यावर सत्तर वर्षे उलटलेली. आणि काठाच्या आतल्या खोबणीत, जिथे झाकण उघडताना बोट टेकते तिथे, काहीतरी लालसर, चिकट, दगडासारखे सुकलेले होते. आमच्या बहिणीने नखावर घेऊन पाहिले आणि ती म्हणाली, "दादा, हे मेण आहे. मेणकुंकू."

फणेरपेटी! नव्या वाचकांसाठी सांगतो : जुन्या काळी सासरी निघालेल्या मुलीबरोबर माहेरची माणसे एक लाकडी पेटी देत. आत फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळ यांचे कप्पे आणि झाकणाला आतून आरसा. पेटी पुढ्यात घेऊन, झाकण टेकवून, मांडी घालून बसायचे, कपाळाला मेण लावून त्यावर कुंकू रेखायचे. घरात त्या बाईचे स्वतःचे असे काही असेल तर ते एवढेच.

आमच्या घरात त्या सुमारास लग्न होऊन आली ती एकच : माझी पणजी. आम्ही तिला मोठी आजी म्हणत असू. आली तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. विसावे सरायच्या आत एका मुलासह विधवा झाली. पुढची साठ वर्षे ती लाल आलवणात, केशवपन केलेल्या डोक्यावरून पदर घेऊन, स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये वावरली. मी सात-आठ वर्षांचा होईपर्यंत ती होती. तिच्या कोनाड्यात एक बिनझाकणाची पेटी असे. तीत सुंठ, हळकुंडे, वेखंड, मुरडशेंग असले घरगुती औषध ती ठेवी. झाकण कुठे गेले हे आम्ही कधी विचारले नाही. पेटी आज माझ्याकडे आहे. पुतण्याच्या घरी मी त्या खाचांचा आकार कागदावर उतरवून घेतला आणि घरी येऊन पेटीच्या कडेला लावला. तंतोतंत बसला.

म्हणजे काय झाले असेल ते उघड आहे. ज्या बाईने कुंकू लावायचे नाही तिला आरसा कशाला? झाकण काढले, पितळ उचकटले आणि घरातल्या पुरुषांच्या दाढीसाठी ओटीवर टांगले. लाकूड चांगले होते. वाया कोण घालवील! कोणी दुष्टपणाने केले असेल असे मला वाटत नाही. सहज केले असेल. सहज केले, म्हणूनच ते मला अधिक बोचते.

आणि एक आठवण, जिचा अर्थ मला गेल्या भाऊबिजेपर्यंत लागला नव्हता. कुठल्याशा नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नान झाले होते, नवा सदरा घातला होता. मी ओटीवरचा आरसा खुंटीवरून काढून मोठ्या आजीसमोर नाचवीत नेला आणि म्हटले, "मोठ्ये आजी, बघ ना, तू कशी दिसतेस!" तिने आरशात पाहिले नाही. नुसता त्याच्या शिसवी काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नको रे बाळा. ते आता माझं नव्हे." मला वाटले, आरसा पुरुषांचा, म्हणून म्हणते आहे. 'आता' हा शब्द मी ऐकलाच नव्हता.

तर पुतण्या विचारतो, कुणाचे काय बिघडते? तिचे बिघडते. तिच्या हातची वस्तू एकदा घराने तिच्याकडून काढून घेतली. आता आपण ती बाजीरावाला देऊन टाकली आहे. पहिल्या वेळी रूढी होती, दुसऱ्या वेळी नुसती मिजास आहे. पहिल्या वेळचा दोष मला धुता येत नाही. दुसऱ्या वेळचा अजून येतो.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत घर झाडताना तुमच्याकडचा जुना आरसा एकदा पालथा करा. राजा सापडणार नाही. बहुधा कोणी आत्या, कोणी आजी, कोणी कारकुनी करणारा खापरपणजा सापडेल. पाठ खरवडू नका, खाचा बुजवू नका, कागद फेकू नका. जे समजेल ते एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी पाठीलाच अडकवून ठेवा.

पितळी पट्टी अजून तिथेच आहे. पुतण्या म्हणतो, "काका, 'फणेरपेटीचं झाकण' असं लिहिलं तर लोक काय म्हणतील?" सूनबाई मात्र त्या दिवसापासून गप्प आहे, आणि माझी भिस्त तिच्यावर आहे. यंदा भाऊबिजेला मी ती पेटी काखोटीला मारून नेणार आहे. खाचांना खाचा लागतात की नाही ते सगळ्यांदेखत पाहू. त्यावरून पुन्हा भांडण झाले तर होवो, बासुंदी नंतर.